दोनशे बटणं

दुपारचे तीन वाजले की मला पत्र्याच्या डब्यात बटण पडल्याचा आवाज ऐकू येतो. टण्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टण्. ऑफिसात असले तरी येतो, बसमध्ये असले तरी येतो. नवरा म्हणतो, कान तपासून घे एकदा. कान माझे धडधाकट आहेत. जे वेळेवर ऐकायला हवं होतं, ते आता ऐकू येतंय.

माझी आई काजं करायची. घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं शिवणाचं दुकान. बाबा माप घेणार, कापड बेतणार, कापणार, म्हणून ते मास्तर. आईकडे काज-बटण, हूक, तुरपाई. गिऱ्हाइकं तिला काजवाल्या काकू म्हणायची. मशीनवर मिनिटात काज मारून देणारे चिक्कार झाले, तरी जाड कोट घेऊन लोक तिच्याकडेच यायचे. दोऱ्याला मेण, उजव्या हाताच्या मधल्या बोटात सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान आणि ओठ घट्ट मिटलेले. मध्ये कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. ‘काज पुरं होईपर्यंत घराला आग लागली तरी मला सांगू नका,’ असं आम्हाला बजावून ठेवलेलं होतं.

पाच वर्षांपूर्वी आधी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. पँट कापता कापता कात्री भलतीकडेच गेली आणि तोंड एका बाजूला उतरलं. समोरचं गिऱ्हाईकच ओरडलं, “मास्तर, तोंड बघा तुमचं!” तासाभरात ते हॉस्पिटलात होते. जीव वाचला, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात नुसता लोंबत राहिला. बोटं जेमतेम हलायची.

तिथे व्यायाम शिकवणारी एक काटकुळी मुलगी होती. तिने आईला बाजूला घेऊन सांगितलं, “काकू, यांचा चांगला हात रोज दोन तास बांधून ठेवायचा. तो मोकळा असला की सगळं तोच करतो. आजारी हाताला मग मेंदू विसरून जातो. पहिले काही महिने फार मोलाचे आहेत, वाया घालवू नका.”

आईने ते शब्द गाठीला बांधले. रोज तीन वाजता दुकानाचं दार लावायची, बाबांना हातांच्या खुर्चीत बसवायची आणि त्यांचा डावा हात माप घ्यायच्या पिवळ्या टेपने खुर्चीला बांधायची. पुढ्यात दोन पत्र्याचे डबे. या डब्यातली दोनशे बटणं उजव्या हाताने त्या डब्यात टाकायची. बाबा चिडायचे, रडायचे, शिव्या द्यायचे.

“सोड मला. कैदाशीण आहेस तू.”

“आहेच. एकशे बारा झाली. अठ्ठ्याऐंशी राहिली.”

“मला पाणी हवंय.”

“एकशे तेरा झाली की देते.”

आठ महिन्यांनी बाबांनी कात्री धरली. पहिला काप वाकडा गेला, दुसरा कमी वाकडा. गल्लीतली माणसं त्यांना बघायला आली. त्या काळात आई निम्मी झाली होती, तिच्या ब्लाउजच्या बाह्या झोळीसारख्या लोंबायच्या. ते मला फोटोत दिसलं, पुष्कळ नंतर.

तीन वर्षांनी आईची पाळी आली. तिच्या बाबतीत कात्री पडली नाही की कुणी ओरडलं नाही. सकाळी ती एवढंच म्हणाली, “मला कसंतरीच होतंय. डोकं जड झालंय आणि ही उचकी थांबत नाही.” बाबा म्हणाले, पित्त असेल. वहिनी म्हणाली, पडा जरा, मी बघते घरातलं. मला फोन आला तेव्हा मी इकडून शहाणपण शिकवलं, “दगदग झाली असेल आई, आराम कर.” तिने आराम केला. संध्याकाळी पाण्याचा पेला हातातून सुटला आणि जीभही जड झाली, तेव्हा कुठे आम्ही हललो.

डॉक्टरांनी विचारलं, “या शेवटच्या अगदी ठीक कधी होत्या?”

बाबांनी दादाकडे पाहिलं, दादाने वहिनीकडे, वहिनीने माझ्याकडे. “सकाळी,” दादा म्हणाला. “म्हणजे, बहुतेक काल.” चार धडधाकट माणसं, आणि आई शेवटची ठीक कधी होती ते एकालाही सांगता येईना. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.

तरी बचावली. पाय किंचित ओढत चालायची. जिभेचा जडपणा गेला. उजवा हात मात्र बाबांचा होता तसाच झाला, बोटं जेमतेम हलणारा.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने डाव्या हाताने चहा केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. अक्षरशः वाजवल्या, मी सगळ्यात जोरात. मग ती डाव्या हाताने भाजी चिरू लागली, विळी पायाने दाबून धरून. डाव्या हाताने कपडे वाळत घालू लागली, चिमटे दातात धरून. “आईला सगळं डाव्या हातचा मळ,” दादा म्हणायचा आणि आम्ही हसायचो. तीही हसायची.

व्यायाम शिकवायला एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. बाबांना त्या काटकुळ्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलेलं मला आठवतं, ‘मास्तर, कामावर कधी परतायचंय?’ आईला या गृहस्थांनी विचारलं, “घरातलं जमतंय ना, मावशी?”

“जमतंय,” आई म्हणाली.

त्यांनी तसं लिहून घेतलं. व्यायामाचा कागद फ्रिजवर लावला. महिन्याभरात त्याच्यावर सामानाची यादी लागली. काजांचं कुणी विचारलंच नाही. कोट घेऊन आलेल्यांना बाबा सांगायचे, “आता होत नाही तिच्याने.” दुकान बाबांच्या कात्रीवर चालत होतं, घर आईच्या डाव्या हातावर चालत होतं, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

एका रविवारी ती मला म्हणाली, “तो पिवळा टेप कुठे दिसतो का बघ गं.”

“दुकानात असेल. कशाला हवाय?”

“असंच.” थोड्या वेळाने म्हणाली, “तू दुपारची येतेस का कधी? तीनच्या सुमाराला?”

“आई, तीनला मी ऑफिसात नसते का?”

“हो, खरंच की,” असं म्हणून तिने माझ्या ताटात वाढलं. डाव्या हाताने. मी जेवले. माझा मलाच राग येतो तो त्या जेवणाचा.

वहिनीने नंतर सांगितलं, रोज दुपारी बाबा झोपले की आतल्या खोलीतून बटणांचा आवाज यायचा. तिला वाटलं, सासूबाई डबे आवरताहेत. एवढे कसले डबे आवरायचे असतात रोज? पण वहिनीला मी कुठल्या तोंडाने बोलू?

झटक्याला अकरा महिने झाले होते. त्या दिवशी मी रजा काढून गेले होते. उशीचा अभ्रा हवा म्हणून आईचं कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात ते दोन डबे. एक भरलेला, दुसऱ्यात नऊ बटणं. आणि पिवळा टेप. त्याचं एक टोक चावून चावून भुसकट झालेलं. कापडाचे दोरे निघालेले, आकडे पुसलेले, दातांच्या बारीक खुणा वीतभर आत गेलेल्या.

मी खुर्चीकडे पाहिलं. तिच्या डाव्या हातावरचं पॉलिश उडालं होतं.

मग मी खुर्चीत बसले आणि करून पाहिलं. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा ठेवला. टेप खुर्चीला आणि डाव्या मनगटाला गुंडाळला, एक टोक डाव्या बोटांत, दुसरं दातांत धरून ओढलं. गाठ बसते. पण ती गाठ त्याच हाताने मारलेली असते, तोच हात ती एका हिसक्यात सोडवतो. चार वेळा बांधली, चारही वेळा सुटली. आपला चांगला हात आपल्याला बांधता येत नाही, त्याला दुसरं माणूस लागतं. या घरात तिला ते अकरा महिने मिळालं नाही.

मी टेप घेऊन तशीच दुकानात गेले. बाबांच्या उजव्या हातात कात्री होती.

“बाबा, तुम्हाला तर ठाऊक होतं हे. तुम्ही स्वतः बसला होतात त्या खुर्चीत.”

त्यांनी टेपचं टोक बोटांनी चाचपलं.

“चहा देत होती गं ती मला,” ते म्हणाले. “वेळच्या वेळी देत होती. मला वाटलं, झाली बरी.”

पुढचं सांगून टाकते. त्यानंतर आम्ही पाळ्या लावल्या, चार महिने. एकतीस बटणांच्या वर आकडा गेला नाही आणि सुई काही धरता आली नाही. काटकुळी मुलगी शोधून काढली, तर ती म्हणाली, उशिराही थोडं मिळतं, सोडू नका. ‘थोडं’ हा शब्द तिने फार सांभाळून उच्चारला.

पण त्या पहिल्या दुपारी मला हे काही माहीत नव्हतं. आई स्वयंपाकघरातून पाय ओढत आली. माझ्या हातात टेप दिसला.

“सापडला का?” तिने असं विचारलं, जणू तोच हरवला होता.

“बस आई. मी बांधते.”

तिने घड्याळ पाहिलं. “थांब, आधी यांचा चहा टाकते. हात बांधलास तर चहा कोण करणार?”

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

“मी करतो,” बाबा म्हणाले आणि आत गेले.

मी खुर्ची आणि डबे दुकानात आणून ठेवले. आई बसली. मी तिचं डावं मनगट बांधलं, पक्कं. तिने उजवा हात खांद्यापासून ओढत डब्यात घातला. बोटं बटणांवरून घसरत होती. घामाचा थेंब हनुवटीवर येऊन थांबला. बऱ्याच वेळाने एक बटण दोन बोटांत अडकलं, डब्याच्या काठावर डगमगलं आणि पलीकडे पडलं. टण्.

“एक,” आई म्हणाली. आवाज अगदी तोच, बाबांना मोजून दाखवायची तो. “राहिली एकशे नव्व्याण्णव.”

आतून एकामागून एक झाकणं उघडल्याचे आवाज येत होते. मग बाबांची हाक आली, “अगं, साखर कुठे आहे?”

आणि आई उठली. हात बांधलेला आहे हे विसरून उठली. मनगटाला हिसका बसला, खुर्ची एका अंगाला कलंडली आणि फरशीवर करकरत तिच्या मागून दोन पावलं आत गेली.