कामरगावचा शेणाचा प्रोजेक्ट

जुने मित्र जमले की कॉलेजचे किस्से निघतातच. पण आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचे निघाले की बायको उठून आत जाते. जेवताना शेणाबद्दल ऐकायची तिची तयारी नसते. आता वय झालं तसे हे किस्से कमी व्हायला हवेत, तर उलट वाढत चाललेत!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पेट्रोल महागलं होतं आणि आमच्या सरांच्या डोक्यात गोबरगॅस शिरला होता. मी आणि माझा पार्टनर सुरेश, दोघांनी कामरगावात माझ्या नामदेवकाकांच्या गोठ्यामागे टाकी बांधायची, त्या गॅसवर छोटं इंजिन चालवायचं, त्याला डायनॅमो जोडायचा आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना बल्ब लावून दाखवायचा. बल्ब लागला तर डिग्री, नाहीतर आणखी एक वर्ष. आणि आणखी एक वर्ष शिकवणार नाही, असं बाबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

* * *

हिशेब आम्ही पुस्तकातून केला होता. एक म्हैस रोज अमुक किलो शेण देते, काकांकडे ढोरं सहा, म्हणजे गॅस भरपूर. प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही शेण जमेना. आम्ही काकांना पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून म्हशीचं चित्र बराच वेळ पाहिलं.

"हे म्हैस खाते काय, ते लिहेल हाये का कुठं?"

ते लिहिलेलं नव्हतं.

* * *

टाकी लवकर सुरू व्हावी म्हणून जुन्या टाकीतलं आंबलेलं शेण विरजणासारखं घालावं लागतं. तशी एक टाकी कारंज्याला होती. तिथून दोन डबे भरून आम्ही एसटीत चढलो. वासानं अर्धी गाडी पुढं सरकली. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? सुरेशला खोटं बोलता येत नसे. शेण आहे, कामरगावला नेतोय, असं त्यानं सांगून टाकलं.

कंडक्टर आमच्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला. "काहून? कामरगावात भेटत नाही काय?"

* * *

सुरेश कारंज्याच्या जैन व्यापाऱ्याचा मुलगा. शेणाला हात लावायला त्याची ना नव्हती. अडचण होती ती शेणातल्या किड्यांची. टाकीत गेले की ते मरणार. मग हा रोज सकाळी काडी घेऊन बसायचा, एकेक किडा उचलून बांधावर सोडायचा आणि मगच शेण कालवू द्यायचा. मी आधी चिडलो, मग काडी घेऊन शेजारी बसलो. बघायला माणसं जमायची.

"इंजिनेर शेण निवडून राह्यले," काका त्यांना सांगायचे, "तांदूळ निवडल्यावानी."

सुरेश आता नाही. त्याची आठवण आली की मला तो तसाच दिसतो, उकिडवा बसलेला.

* * *

खरा विरोध होता काकूचा. आमच्यामुळे तिच्या गोवऱ्या बंद झाल्या होत्या. भरपाई म्हणून आम्ही तिला गॅसची शेगडी जोडून दिली. निळी ज्योत, धूर नाही. आम्हाला वाटलं, काकू हरखून जाईल. तिनं त्यावर फक्त आंघोळीचं पाणी तापवलं.

"माणसाच्या पोटात जाते ते मी शेणाच्या हवेवर नाही शिजवत," ती म्हणाली. सरपण फोडून फोडून तिचे हात सोलले, पण चूल काही तिनं सोडली नाही.

* * *

परीक्षेच्या दिवशी परीक्षक अकराच्या एसटीनं आले. गंभीर माणूस, हसणं माहीत नसलेला. काकूनं आधी जेवण, मग काय ते काम, असा हुकूम सोडला. परीक्षक पाटावर बसले आणि मी इंजिन सुरू करायला गोठ्यामागे गेलो.

टाकीवर लोखंडी ड्रम होता. गॅस भरला की तो वर उचलला जायचा, संपला की खाली बसायचा. पहाटे मी स्वतः पाहिला तेव्हा तो गळ्यापर्यंत वर होता. आता पार तळाला!

आत येऊन कसंबसं सांगितलं की गॅस संपलाय. परीक्षकांचा घास हातात राहिला. संपला कसा, त्यांनी विचारलं. सुरेश भिंतीकडे बघत होता.

काकू स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात तुपाची वाटी होती.

"गॅस चालते का नाही, हेच पाहाले आले ना सायेब? म्हणून सकाळपासून सगळा सैपाक त्याच्यावरच केला. पोरायचं वरीस वाया जाऊ नये. गॅस तुमच्या ताटात हाये."

परीक्षकांनी ताटातल्या पुरणाच्या पोळीकडे पाहिलं. मग उठून हात धुतला आणि माझा रिपोर्ट मागितला. त्यात 'आउटपुट'पुढची जागा बल्बसाठी रिकामी ठेवली होती.

"पोळ्या किती झाल्या?" त्यांनी काकूला विचारलं.

"शेजारच्यायच्या धरून साठ."

त्यांनी पेन काढलं, त्या जागेत लिहिलं, 'पुरणाच्या पोळ्या, साठ', आणि खाली सही केली. मग पुन्हा पाटावर बसले आणि तूप मागितलं.