कागद खाणारे जंतू

साठीच्या दशकात बंगळुरात मी संशोधन करत होतो. शेणातले जंतू काचेच्या नळीत वाढवायचे, त्यांच्याकडून उसाच्या चिपाडाची साखर आणि साखरेचं अल्कोहोल करून घ्यायचं, हा बेत. आधी त्यांनी नळीतली, चिपाडासारख्याच तंतूंची कागदाची पट्टी तरी खायला हवी होती. तीन आठवडे पट्टी जशीच्या तशी! मला घरीदारी चैन पडेना.

एका सकाळी बसवनगुडीतल्या आमच्या दारात गवळी दूध काढत होता आणि त्याची गाय भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर निवांत चघळत होती. शेण मी हिचंच नेलं होतं! चिडून मी गवळ्याला सगळं सांगितलं. हात न थांबवता त्यानं कानडीत विचारलं, "अण्णा, पट्टी खाल्ली तर नळी दूध किती देईल?"