आठ पॅनल्स आणि सासूबाईंचा पायगुण

कायझर्सलाउटर्नचं भाड्याचं घर सोडून आम्ही फ्रँकफर्टजवळच्या गावात स्वतःच्या घरात राहायला निघालो, तेव्हा नवऱ्याचं म्हणणं होतं की जुनी सोलर पॅनल्स तिथंच कुणाला तरी देऊन टाकावीत. मी म्हटलं, एक वेळ तुला ठेवून जाईन, पॅनल्स नाही. आठ होती. मी निवडलेली, मी उभी केलेली. गाद्या आणि स्वेटर मध्ये घालून ती व्हॅनमधून आणली. वाटेत सोफ्याचा एक पाय मोडला, पॅनल्सच्या काचेवर ओरखडासुद्धा नाही.

नव्या घराच्या गॅरेजचं छप्पर सपाट होतं. पहिल्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोलीचं मागचं दार उघडलं की थेट छपरावरच पाऊल पडायचं. तिथं पॅनल्स तिरकी उभी केली, पाठ दाराकडे आणि तोंड दक्षिणेला. तळघरातल्या इन्व्हर्टरला जोडून द्यायला रीतसर एलेक्ट्रिकर आला. माझं वायरिंग बघून "या, गेनाऊ, पेर्फेक्ट", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाला आणि सही करून गेला. एप्रिलचं स्वच्छ ऊन होतं. भर दुपारी इन्व्हर्टरवर पंधराशे वॉटचा आकडा बघून मी तळघरात एकटीच नाचले.

त्याच आठवड्यात गुरुवारी कराडहून सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. सासरे जाऊन वर्ष झालं होतं आणि परदेशात येण्याची त्यांची पहिलीच वेळ. रविवारी ओळखीची मराठी मंडळी घर बघायला आली. घर राहिलं बाजूला, सगळे छपरावर! फोटो काय, वा वा काय. मीही आढेवेढे न घेता कौतुक करवून घेतलं.

मंगळवारी दुपारी तेवढंच ऊन होतं आणि आकडा हजारावर उतरला होता.

मी एका मोटार कंपनीत काम करते. दुसऱ्यांनी केलेल्या वायरिंगमधल्या चुका शोधणं हीच माझी नोकरी. त्यामुळे मी आधी इन्व्हर्टरवर चिडले, मग एलेक्ट्रिकरवर, मग ढगांवर. दोन आठवडे हेच चाललं. संध्याकाळी पॅनल्सच्या पाठीमागचे प्लग एकेक करून काढले, पुसले, परत बसवले. सावली पडते का ते बघायला सुट्टीच्या दिवशी चहाचा कप घेऊन छपरावर ठिय्या मारला. होजपाइपने काचा धुतल्या. आकडा हजाराच्या पुढे सरकेना. "दिव्याखाली अंधार," नवरा म्हणाला आणि त्या दिवशी त्याला स्वतःची भाजी स्वतः गरम करून घ्यावी लागली.

तिसऱ्या आठवड्यात तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आई तिकीट अलीकडचं कर म्हणतेय. गुडघे दुखतात म्हणे."

मी पाहुण्यांच्या खोलीत गेले. सासूबाईंची बॅग अर्धी भरलेली होती. "अहो आई, गुडघे तर कराडलाही दुखतात," मी म्हटलं. त्या साडीची घडी घालत राहिल्या. दोनतीनदा विचारल्यावर कुठं बोलल्या. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचा व्हिडिओ कॉल आला होता. मी फोनवर पॅनल्सचं रडगाणं गायले होते आणि जाऊबाई हसत म्हणाल्या होत्या, "कुणाचा पायगुण म्हणायचा हा?" मी ते ऐकलं होतं आणि विसरूनही गेले होते.

"ती थट्टेत बोलली," सासूबाई म्हणाल्या, "पण खोटं काय आहे त्यात? मी आले आणि तुझं चांगलं चाललेलं बसलं. तिकडे हे गेले, तेव्हापासून लोक मला कार्यात बोलवायचं टाळतात. मी समजून घेते. इथं तुमच्या नव्या घरात नको."

त्या दिवसांत त्या तळघरात का उतरत नव्हत्या, हेही मला तेव्हा उमगलं. आकडा बघायला चला म्हटलं की "नको गं, मी कशाला" म्हणायच्या. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. जाऊबाईंचा राग आला, कार्यांत न बोलवणाऱ्यांचा आला आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. मी म्हटलं, "तुमचं तिकीट हलणार नाही. बिघाड कुठं आहे ते मी शनिवारपर्यंत शोधून दाखवते."

शनिवारी ऊन पडलं. नवऱ्याला फोन देऊन तळघरात उभं केलं आणि मी सासूबाईंची गोधडी घेऊन छपरावर गेले. युक्ती साधी होती. एकेक पॅनल गोधडीने पूर्ण झाकायचं. जे झाकल्यावर आकडा उतरणार नाही, ते पॅनल आधीच मेलेलं. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "त्यांना थंडी वाजतेय का?"

"आल्झो... म्हणजे, थोडी," मी म्हटलं.

पहिलं झाकलं, आकडा सव्वाशेने उतरला. दुसरं झाकलं, तेवढाच. तिसरं, चौथं, आठवं, सगळी सारखीच. म्हणजे एकही मेलेलं नव्हतं. आठही सारखीच आजारी होती, आणि सैल प्लग काही आठ पॅनल्सना मोजून सारखा आजार देत नाही.

गोधडी उचलताना तोल गेला म्हणून शेजारच्या पॅनलवर हात टेकला आणि चटका बसला. बाकीची काच कोमट, खालच्या कोपऱ्यातली एकच चौकट तव्यासारखी. हात बघितला तर बोटं काळी. वाकून पाहिलं. गडद निळ्या काचेवर तळहाताएवढा काळा डाग होता, उभ्याने बघून दिसलाच नसता. पुढच्या पॅनलवरही तसाच, त्याच कोपऱ्यात. आठही पॅनल्सवर. बोटांना बुटाच्या पॉलिशचा वास येत होता.

तीट! गोऱ्या गुटगुटीत बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावतात ती.

पॅनलच्या आतल्या चौकटी दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, एका पॅनलमध्ये अशा तीन माळा. एक चौकट झाकली गेली की तिची अख्खी माळ बसते. माझ्या आठही पॅनल्समधली एकेक माळ बसली होती. पंधराशेचे हजार झाले, यात नवल ते काय!

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. पण हसू येईना. सासूबाईंमुळे काही बिघडलेलं नाही हे सिद्ध करायला मी निघाले होते, आणि निघालं काय? एवढ्यात त्या दारात आल्याच.

"सापडलं का गं?"

"हो," मी हात पाठीमागे नेला. "एक प्लग सैल राहिला होता. माझीच चूक."

माझी चूक मी इतक्या पटकन कबूल केलेली त्यांनी आठ वर्षांत ऐकली नव्हती. त्या म्हणाल्या, "हात दाखव."

दाखवला. बोटांकडे बघून त्या गोंधळल्या. "अगं, ती तर तीट आहे. त्या रविवारी सगळे तुझ्या पॅनल्सना नजर लावून गेले, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी लावली. काजळ आठ जणांना कुठलं पुरायला? आणि एवढाल्या बाळांना बोटभर तीट काय दिसणार?"

मग मी सगळं खरं सांगून टाकलं.

"म्हणजे हे मी केलं?"

"हो, आई."

"या हाताने?"

"हो."

"पायाने नाही?"

"नाही हो, आई!"

आधी त्यांचे खांदे हलले, मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता गोधडीवर खाली बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अगं मग फडकं आण की. बघत काय बसलीस?"

भांड्यांचा साबण आणि नवऱ्याचा जुना बनियन आणला. मला त्यांनी एकही डाग पुसू दिला नाही. एकेक पॅनल त्या घासत होत्या आणि खालून नवरा ओरडत होता, "अकराशे!", "साडेबाराशे!" त्याला अजून काहीच कळलेलं नव्हतं. आठवं पुसून झालं तसा तो किंचाळला, "पंधराशे दहा! काय केलंस काय?"

"मला बघायचाय तो आकडा," सासूबाई म्हणाल्या.

दोन जिने कठडा धरून त्या उतरल्या. मी मागे, काळी बोटं तशीच. तळघराच्या दाराशी त्या थांबल्या. मला वाटलं गुडघे असतील. त्यांनी पदर नीट केला.

"आई, जपून," नवरा आतून म्हणाला, "उंबरा आहे."

"दिसतोय मला," त्या म्हणाल्या आणि उजवं पाऊल आधी आत टाकलं.