देवराईतली बिनसीटची सायकल

ती घटना आजही आठवते, आणि डोक्याआधी कमरेला आठवते. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षे होती. सोनईकडच्या सपाट, उसाच्या मुलखातून माझी बदली अकोले तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाण्यावर झाली होती. मी नवा फौजदार, अंगात रग, आणि सायकल चालवण्याचा भलता अभिमान. सपाट रस्त्यावर सायकल कोणालाही चालवता येते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळची हजेरी चालू असताना डोंगरावरच्या एका वाडीतले वयस्कर गृहस्थ आले आणि सायकल चोरीची फिर्याद द्यायची म्हणाले. उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचे लग्न झाले होते. व्याह्यांचे खाली बाजाराच्या गावी भाड्याने सायकली देण्याचे दुकान होते. त्यांनी जावयाला नवी कोरी सायकल दिली होती, ती गोठ्यातून नाहीशी झाली होती.

"संशय कोणावर?" आमच्या जमादारांनी विचारले.

"व्याह्यावर. कुलपाची दुसरी किल्ली त्याच्यापाशी हाय. एका हातानं दिली आन् दुसऱ्या हातानं नेली. आता सायकल आल्याबिगर त्याची पोरगी आमी नांदायला आननार न्हाई."

सून पहिल्या दिवाळीसाठी माहेरी गेली होती. चोरी सायकलीची, पण टांगणीला लागला होता त्या पोरीचा संसार.

व्याह्यांना बोलावून जबाब घेतला. ते चिडलेच. "साहेब, माझ्या दुकानात पाय ठेवाया जागा न्हाई एवढ्या सायकली हायत. लेकीच्या दारातली चोरून तो डोंगर कशाला उतरवू? पाय मोडून घ्यायला?" त्यांची लेकही मागोमाग आली होती. ठाण्याच्या पायरीखाली उभी राहून तिने एवढेच विचारले, "सापडंल ना साहेब? मला जायचंय माज्या घरी." मी रुबाबात "सापडेल" म्हणून बसलो. पोलिसाने असा शब्द कधी देऊ नये, पण तिच्या तोंडाकडे पाहून दुसरे काही बोलवले नाही.

खबर मिळाली ती बाजाराच्या दिवशी. त्याच वाडीतली एक म्हातारी हिरडा विकायला यायची. जमादार तंबाखूच्या निमित्ताने तिच्याजवळ टेकले, तर ती आपणहून म्हणाली, "आमच्या राईतला देव लई जागरूक झालाय बाबा. आताशा घंटी वाजवितो. ट्रिंग ट्रिंग!"

देवळातली घंटा ट्रिंग ट्रिंग वाजत नाही, एवढे आम्हा दोघांनाही कळत होते.

"साहेब, पायी जाऊ," जमादार म्हणाले. "वाट लई वंगाळ हाय."

"एक सायकल वर गेली, तर दुसरीही जाईल," मी म्हणालो आणि सरकारी सायकल काढली.

पहिला ओढा येईपर्यंत प्रवास झकास झाला. दोन्ही बाजूंना कारवीचे रान, हिरड्याची गर्द झाडी, कड्यावरून उरलेसुरले पाणी अजून झिरपत होते. असे जंगल मी जन्मात पाहिले नव्हते. ते बघण्याच्या नादात पुढचे चाक दगडावर चढले आणि मी ओढ्यात उतरलो, सायकलीच्या आधी. त्यानंतर चढ लागला. निम्मी वाट मी सायकलीवर होतो, निम्मी वाट सायकल माझ्यावर. उताराला ब्रेक दाबावा तर तो नुसता किंचाळायचा, थांबवायचा नाही. पँटची मोहरी चेनमध्ये सापडली, बाभळीच्या काट्याने मागचे चाक बसले, आणि एका वळणावर थेट करवंदीच्या जाळीत शिरलो. जमादार प्रत्येक वळणावर माझ्याआधी पोचून तंबाखू मळत बसलेले असायचे. त्यांचे ते मळणे मला ओरखड्यांपेक्षा जास्त झोंबत होते.

वाडीत पोचलो तेव्हा माणसे जमली. सायकलीचे नाव काढताच जो तो म्हणे, "आमाला काय ठावं न्हाई." पण म्हणताना प्रत्येकाची नजर एकाच बाजूला, देवराईकडे जायची. पोलीस खात्यात मी एक शिकलो आहे, माणसाचे तोंड खोटे बोलते तेव्हा डोळे तिकडे लक्ष देत नाहीत.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथली वाळकी काटकीही कोणी बाहेर नेत नाही. राईच्या तोंडाशी भगताने, म्हणजे तिथल्या देवाचे करणाऱ्या म्हाताऱ्याने, आम्हाला अडवले.

"साहेब, चामडं आत चालत न्हाई. बूट काढा. पट्टा बी."

बूट काढले. पट्टाही काढला. सरकारी पँट मुळातच ढगळ शिवलेली, त्यामुळे एका हाताने पँट धरून फौजदार तपासाला आत गेले. पाठोपाठ दोन पंच आणि आपापली विजार सावरत जमादार. मोठ्या झाडाच्या बुंध्याला सायकल टेकलेली होती. हँडलला झेंडूची माळ, मडगार्डवर हळदीकुंकू, आणि घंटीशी एक वानर एकाग्र होऊन खेळत बसले होते. आम्हाला बघून त्याने एकदा जोरात ट्रिंग केले आणि झाडावर गेले.

"म्हणजे सगळ्या वाडीला ठाऊक होते?" मी विचारले.

"व्हय की," भगत शांतपणे म्हणाला. "पर राईत आलेलं देवाचं. त्याला हात कोन लावंल? आन् देवाची चुगली कोन करंल?"

मी पंचनामा सांगू लागलो. चाके दोन, हँडल एक, घंटी एक. पुढे अडलो. सायकलीला सीट नव्हती. चोर घंटी ठेवतो, कॅरिअर ठेवतो आणि सीट तेवढी नेतो? तेवढ्यात पँट घसरू लागली, मी ती वर ओढली आणि डोक्यात उजेड पडला. सीट चामड्याची होती!

बाजाराच्या गावातला व्याही कशाला ती काढायला बसेल? त्याला इथला नेम ठाऊक नाही. चोरी करतानाही देवाला विटाळ होऊ नये म्हणून सीट काढून ठेवणारा माणूस याच वाडीतला होता. शिवाय कुलूप फोडलेले नव्हते, किल्लीने उघडलेले होते.

मी तडक फिर्यादीच्याच घराची झडती घेतली. म्हातारा आकांडतांडव करू लागला. नाचणीच्या कणगीत जमादारांनी कोपरापर्यंत हात घातला आणि सीट बाहेर काढली. म्हातारा सीट उलटसुलट बघून मुलाकडे वळला. मुलाचा चेहरा मात्र सुटल्यासारखा झाला.

त्याला बाजूला घेऊन मी दरडावले, "स्वतःचीच सायकल चोरलीस?"

"चोरली न्हाई साहेब, लपवली." तो मान वर करेना. "मला चालवता येत न्हाई. दिवाळीला सासुरवाडीला सायकलवर या, असा सासऱ्यांनी सांगावा धाडला हुता. त्यांचं दुकान भर बाजारात. सगळ्या गावाम्होरं ढकलत नेऊ? आन् तिला तर हात सोडून चालवता येती."

"कोणाला?"

"बायकूला."

"मग वडील फिर्याद द्यायला निघाले तेव्हा का नाही बोललास?"

"एक डाव चोरी म्हनलो, मंग मागं कसं फिरू? राईतनं परत काढाया गेलो, तर भगतबाबा म्हनले, आता देवाची झाली."

राईच्या तोंडाशी परत जाऊन मी भगताला गाठले. सरकारी मुद्देमाल विरुद्ध देव, असा पेच माझ्या प्रशिक्षणात कुठे आला नव्हता. भगत आतल्या झाडाकडे वळून हात जोडून उभा राहिला. मग म्हणाला, "ज्यानं आत आनली त्यानंच नारळ फोडून बाहेर काढावी. देव बी कंटाळलाय. वानरं दुपारची निजू देत न्हाईत."

फिर्याद गैरसमजुतीने दिल्याचा पुरवणी जबाब घेतला आणि पुढे 'क' समरीचा अहवाल पाठवून प्रकरण मिटवले. मुलाच्या बापाने व्याह्याची माफी मागण्याचे कबूल केले. नारळ फुटला, सायकलीला सीट चढली आणि मुलाला मी सोबत खाली आणले. दोघेही सायकली ढकलत उतरलो.

सासऱ्याच्या दुकानासमोर त्याने बायकोला सगळे सांगितले, अडखळत, माझ्यादेखत. मला वाटले, पोरगी आता रडेल किंवा हसेल. ती रागावली. "एवढ्यासाठी माज्या बापाला चोर केलंत? मला सांगायचं हुतं की! मी शिकवली असती." आणि मग डोळे पुसत म्हणाली, "चला मागं, मैदानात." भाऊबीजेपर्यंत त्याचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. तोल काही त्याला सापडला नाही.

नोकरीत पुढे मी मोठमोठे गुन्हे पाहिले. लोभाने केलेले पाहिले, रागाने केलेले पाहिले. पण 'मला येत नाही' हे चार माणसांत म्हणता न आल्याने माणूस जे करतो, त्याला पीनल कोडात कलम नाही. त्यानंतर कोणी मुकाट बसून राहिला, तर हा काय लपवतो आहे याच्याआधी, याला लाज कशाची वाटते आहे, ते मी शोधू लागलो. पुष्कळदा तेवढ्याने काम झाले.

भाऊबीजेनंतर ती नांदायला निघाली, तेव्हा मी आणि जमादार गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे होतो. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून ती सायकल चालवत होती आणि मागे कॅरिअरवर नवरा, मांडीवर फराळाचा डबा.

"साहेब, डबल सीट," जमादार हळूच म्हणाले. "केस करायची?"

"तुम्हाला दिसतंय का काही?"

"न्हाई बा."

डोंगराच्या पायथ्याशी चढ लागला तशी ती उतरली. नवऱ्याने डबा तिच्या हातात दिला, सायकल उचलून खांद्यावर टाकली आणि मला चार ठिकाणी आडवे पाडणारी ती वाट सरसर चढू लागला. थोडे वर गेल्यावर तो थांबला आणि मागे वळून, तिच्यासाठी मोकळा हात पुढे केला.