वर्नाचा पिवळा बिल्ला

व्हिएतनामचं युद्ध संपत आलं होतं त्या सुमारास आमच्या कागद गिरणीच्या गावात, आर्विडच्या हॉटेलात मी स्वयंपाकी होतो. वर्ना कुलाक टेबलं सांभाळायची. नवरा सोडून गेलेला, पदरात एक मुलगी. घर या नोकरीवरच चालायचं. मिलवॉकी शहरातून येताना तिने एकदा एक पिवळा बिल्ला आणला आणि कामाच्या झग्याला लावला. त्यावर लिहिलं होतं, ‘बाईलाही मत असतं. विचारून बघा.’

गिरणीतल्या पुरुषांनी लगेच विचारलं.

“वर्ना, तुझं मत काय, सूप घेऊ का?”

“कालचं आहे. माझं ऐकशील तर नको घेऊस.”

सूप माझं असायचं. भटारखान्याच्या खिडकीआड मी मान खाली घालून कांदा कापत राही.

तिला खरं तर बायकांशी बोलायचं होतं, आणि बायकाच बोलत नव्हत्या. शुक्रवारी सगळं गाव तळलेला मासा खायला येई. तेव्हा बायकोला काय हवं तेही नवराच सांगे. तसा नियम कुणी केला नव्हता, चालत आलेलं होतं. एका शुक्रवारी गिरणीतला मुकादम लेलंड बायकोला घेऊन आला, तेव्हा वर्ना सरळ तिच्याकडेच वळली.

“कोराली, तुला काय आणू?”

“मासाच आण तिला,” लेलंड म्हणाला.

“तुला विचारलं का मी?”

शेजारचं टेबल हसलं. कोरालीने बिल्ल्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “मला मासा आवडत नाही.”

“मग इतकी वर्षं काय खात होतीस?” लेलंड म्हणाला. वर्नाने कोरालीला कोंबडी आणून दिली, ती तिने सगळी संपवली.

जाताना लेलंडने गल्ल्यापाशी आर्विडला सांगितलं की असंच चाललं तर त्याची माणसं दुसरीकडे जेवतील. आर्विड वाईट माणूस नव्हता, पण घाबरला. “वर्ना, बिल्ला काढ,” तो म्हणाला, “आणि गिऱ्हाइकांशी गप्पा बंद. पुन्हा दिसलं तर मी तुला ठेवू शकणार नाही.” तिने बिल्ला काढला. “मुलीला जेवायला लागतं,” एवढंच मला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी कोराली एकटीच आली. कॉफी मागवली, प्यायली मात्र नाही.

“बिल्ला कुठे गेला गं?”

वर्नाने गल्ल्याकडे बघितलं. आर्विड तिथेच होता. वाढणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसायचं नाही, ही तिथली रीत. वर्नाने किटली खाली ठेवली आणि कोरालीच्या समोर बसली. बराच वेळ बोलणं चाललं होतं. काय ते मला ऐकू आलं नाही. कोरालीने मधेच डोळे पुसलेले तेवढे दिसले. आर्विडने हाक मारली तेव्हा वर्नाने मागे न बघता हात वर केला, थांब म्हणून.

संध्याकाळी आर्विडने तिचा हिशेब चुकता केला.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी कोराली भटारखान्याच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“वर्ना कुठे असते आता?”

“पलीकडच्या जिल्ह्यात. मटार डबाबंद करतात त्या कारखान्यात.”

“लांब आहे?”

“गाडीने तासभर.”

“मला गाडी कुठे चालवता येते?”

समोरच्या बाजूने लेलंडचा हॉर्न वाजला. मी कसंबसं म्हणालो, “सोमवारी मला सुट्टी असते. मी सोडीन.”

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. “तुमच्याबरोबर? या गावात?” म्हणाली, आणि हॉर्नच्या दिशेने चालू लागली.