छज्ज्याचं लाल पान

फाईलबाईंनी आयुष्यात दोनच पुरुषांना मारलं, तेही एकाच सकाळी, आणि त्यांत त्यांचा नवरा नव्हता. नवरा हे छाती फुगवून सांगतो. शेजारीण म्हणते, "घाई कशाला, भाऊजी? अजून उभं आयुष्य पडलंय."

बाई एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तेवीस वर्षं नकाशे काढत होत्या. पगार नकाशांचा, पण ऑफिसची अक्कल त्यांच्या कपाटात. पुऱ्या झालेल्या प्रत्येक इमारतीची तिथे एक फाईल: फोटो, नकाशे, काय साधलं, काय नाही. नवा माणूस आला की थोरले साहेब त्याला आठवडाभर त्या फायलींसमोर बसवायचे. "आधी आमच्या चुका पाठ करा, मग स्वतःच्या करा." म्हणून प्रत्येक फायलीच्या शेवटी एक लाल पान. जे फसलं ते त्यावर, आणि ज्याच्या हातून फसलं त्याच्याच अक्षरात. जिन्याची एक पायरी विसरलेले गृहस्थ ते पान लिहिताना हुंदके देत होते, असं शिपाई अजून रंगवून सांगतो.

शाळेच्या फायलीतलं लाल पान मात्र खुद्द बाईंचं. दारावरचा छज्जा भिंतीतून पुढे निघतो, खालून त्याला आधार नसतो. त्याचा सगळा जीव वरच्या अंगाच्या सळयांत. त्या सळया वरच राहाव्यात म्हणून खाली लोखंडाच्या बुटक्या खुर्च्या लावतात. बाई नकाशात त्या दाखवायला विसरल्या. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांनी सळया तळाला गेल्या, आणि टेकू काढताच अख्खा छज्जा एका सुतारावर बसला. कमरेखाली त्याचं काही उरलं नाही. दोन दिवस ओरडला आणि गेला. बाईंनी सगळं लिहिलं, ओरडण्यासकट, आणि दुरुस्त नकाशा त्याच पानामागे चिकटवला.

त्या सकाळी चष्मिस, म्हणजे ऑफिसातली नवी आर्किटेक्ट, नाचतच आली. "बाई, तुमच्या शाळेचा छज्जा मी दवाखान्याला जसाच्या तसा लावला! आज टेकू निघताहेत."

"खुर्च्या घातल्यास ना?"

"कसल्या खुर्च्या?"

बाईंनी शाळेची फाईल उपसली. शेवटचं पान, मागच्या दुरुस्त नकाशासकट, मुळापासून फाडलेलं.

"सगळीच लाल पानं काढलीत मी," वडिलांच्या माघारी खुर्चीवर बसलेले धाकटे साहेब म्हणाले. "गिऱ्हाईकं फायली चाळतात, बाई. मेलेला सुतार वाचून कोण घर बांधायला देईल?"

बाईंनी दवाखान्याच्या साइटवरच्या मुकादमाला फोन लावला. साहेबांनी तो हातातून हिसकावून बंद केला. "आज डॉक्टर मंडळी साइट बघायला येणार आहेत. बोभाटा नको. दुपारी बघू."

"दुपारी मुडदे बघाल!"

साहेब दारात आडवे उभे राहिले. या साहेबांनी लहानपणी नकाशांना नाक पुसलेलं बाईंनी पाहिलं होतं, त्यामुळे आदर मुळातच बेताचा. त्यांनी हातातली लोखंडी फूटपट्टी त्याच नाकावर आडवी घातली. रक्ताची धार लागली. साहेबांनी त्यांचं मनगट असं पिरगळलं की हाड मोडल्याचा आवाज चष्मिसला ऐकू आला. मग बाईंनी त्यांच्या दंडाचा लचका तोडला. लचका म्हणजे लचका, शर्टासकट.

चष्मिसने स्कूटर काढली. साइटवर पोचल्या तेव्हा छज्ज्याखाली सहा जण हातोड्यांनी टेकू पाडत होते.

"बाहेर निघा! पडणार आहे तो!"

"साहेबांचा फोन आला होता," मुकादम हसला. "तुमचं डोकं फिरलंय म्हणाले. माझ्या हातचा छज्जा पडेल होय?"

हातोडे चालूच. बाईंनी एकाला बखोट धरून ओढलं. त्याने झटकलं, तशा त्या खडीवर पडल्या, नेमक्या मोडक्या मनगटावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. समोर अर्धी वीट होती. डाव्या हाताने ती उचलून त्यांनी मुकादमाच्या तोंडावर भिरकावली. दोन दात बाहेर आले. पाठोपाठ त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला, तो चष्मिस मैत्रिणींना अजून म्हणून दाखवते.

मुकादमाच्या तोंडातून रक्त बघून सहाच्या सहा जण हातोडे टाकून बाईंवर धावले. एकाने वेणी धरली, दुसऱ्याने बरगडीत लाथ घातली. बाई शिव्या देत मागे सरकत राहिल्या, दूर, आणखी दूर. चौथी लाथ बसली तोच मागे छज्ज्याखाली उरलेला टेकू काडीसारखा मोडला आणि छज्जा खाली आला. सुटलेल्या चपलेसाठी मागे वळलेल्या एकाच्या टाचेचा चुरा झाला.

धूळ बसली. त्या एकाला बाहेर ओढून टेम्पोत घातलं, तोवर त्याचं किंचाळणं थांबत नव्हतं. मुकादमाने माणसं मोजली, पुन्हा मोजली, आणि रक्त थुंकत बाईंशेजारी येऊन बसला. "तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी सळईचा तुकडा घेतला आणि डाव्या हाताने वाळूत छज्जा काढला. सळया, खुर्च्या, शाळा, सुतार, त्याचं ओरडणं. काही गाळलं नाही.

"म्हणजे आम्ही तुडवलं म्हणून?" सळया बांधणारा फिटर म्हणाला.

"तुम्ही तुडवलं, आणि मी नकाशात खुर्च्या दाखवल्या नव्हत्या."

"मग हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं का नाही?"

तेवीस वर्षं बाईंनी फायली लावल्या, पण जे सळयांवर पाय देतात त्यांच्यापुढे एकही कधी उघडली नव्हती.

तेवढ्यात गाडी थांबली. नाकाला रुमाल लावून धाकटे साहेब उतरले. माणसं एकेक करून उठली. फिटरने सळई उचलली.

"त्याला आधी इथे वाळूत बसवा," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून ऐकू दे. मधेच उठू देऊ नका."

"आणि ऐकून झाल्यावर?"

"झाल्यावर मला हाताला प्लास्टर घालायला जायचंय. पाठ फिरल्यावर मागे काय होतं ते मला कसं दिसणार?"