भरिताच्या जाळावर ताऱ्यांचा धडा

गेल्या शनिवारी धरणगावच्या एका मळ्यात भरीत खायला गेले होते. खरं तर गेले होते माझी एक विद्यार्थिनी परत मागायला...

झालं असं, की त्याच्या आठवडाभर आधी मी मुलींना ताऱ्यांचं आयुष्य शिकवलं. वायूच्या ढगातून तारा जन्मतो, पेटतो, म्हातारपणी तांबडा होऊन फुगतो, आणि शेवटी विझतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, ध्रुवपण?" मी म्हटलं, हो, कधीतरी ध्रुवसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून कमळ शाळेत येईना.

तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न महिन्यापूर्वीच झालेलं. भटजींनी नवरीला ध्रुव दाखवला, 'अशीच अढळ राहा' म्हणून. आणि कमळनं घरी जाऊन सांगितलं, तो विझणार आहे! घरात सत्ता तिच्या विधवा आत्याची, अक्कांची. त्यांनी फर्मान काढलं, शाळा बंद.

कमळचे वडील, आबा, भला माणूस. बहिणीपुढे बोलायची त्यांची छाती नाही, म्हणून त्यांनी मला भरिताचं आमंत्रण दिलं... बाकीचं माझं मी बघावं!

महायुद्ध संपलं तरी घासलेट अजून मिळत नाही, गावात दिवे नाहीत. त्यामुळे दिवस मावळला की आभाळ कसं लख्ख दिसतं. कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता, त्यात हिरवी वांगी भाजत होती. शेजारी बाभळीचा एक ओंडका धुमसत होता.

मी बसते न बसते तोच अक्का अहिराणीत म्हणाल्या, "या बाई! आमना ध्रुव इझाडाले उन्या का?"

मी ध्रुव विझवायला आले नव्हते; मी समजावू लागले. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरनी इंग्रजीत शिकवलेलं, मी मनात मराठीत आणलेलं... उष्णता, प्रकाश, वायू. अक्का वांगी उलटत राहिल्या. मलाच माझं बोलणं परकं वाटायला लागलं.

तेवढ्यात कमळ पुढे झाली. तिनं मूठभर पऱ्हाट्या जाळात टाकल्या. भडका उडाला, आणि बघता बघता बसला.

"अक्का, मोठा तारा असा जळस. भडकस, आनि लवकर इझी जास. आनि आपला सूर्य हाई बाभूळ शे. हळूहळू जळस."

मग तिनं पूर्वेला मृग नक्षत्रातला काक्षी हा तांबडा तारा दाखवला. "तो दख, इंगळसारखा लाल. तो म्हातारा व्हई गया."

अक्कांचा हात थांबला. "आनि ध्रुव?"

ध्रुव कधी विझत नाही, एवढं म्हटलं की मुलगी शाळेत परत येणार होती. माझ्या ओठांवर ते आलंसुद्धा... पण कमळनं उत्तरेला, सातपुड्याच्या बाजूला पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "तोबी इझी जाई, अक्का. पन ताईना सात जलम व्हई जातीन, सातशे व्हई जातीन, तरीबी तो जळतच राही."



आणि अक्का एकदम हसल्या. "सात जलम! मले ते एकच पुरी गया, माय!"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतलं सोपं व्हतं, ते तुम्ही पहिले काबरं सांगं नही? तुमले बोलताच येत नही, बाई." आणि भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचून गरम भरीत माझ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर वाढलं. "सोमवारी धाडसू इले."

इतकी वर्षं शिकवते आहे. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुली पाहिल्या, पण त्या शनिवारसारखा ऊर कधी भरून आला नाही. शाळा पणाला लागली होती, तरी पोरगी खोटं बोलली नाही... आणि खरं बोलूनही तिनं कुणाचं मन मोडलं नाही. सिस्टर आज असत्या तर त्यांना अहिराणीतलं एक अक्षर कळलं नसतं. तरी धडा त्यांचाच आहे, हे त्यांनी ओळखलं असतं.

सोमवारी कमळ आली. पिशवीत माझ्यासाठी चार वांगी, आणि अक्कांचा एक निरोप... "चंद्रनं काय व्हई, ते बाईसले इचारीसन ये."

चंद्राचं काय होणार, याचं उत्तर मी तयार केलं आहे. आधी कमळला सांगीन, म्हणजे ते अक्कांपर्यंत नीट पोचेल.